मराठीच्या स्पर्धेतही मुलांना विचारू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या तालुक्याच्या गावी एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेने नुकतीच परिसरातल्या विद्यार्थ्यांसाठी स्पेलिंगची स्पर्धा भरवली. जिल्हा परिषदेच्या शाळा, अनुदानित हायस्कुले, आश्रमशाळा, सगळ्यांना निमंत्रण होते आणि प्रवेश फी नव्हती. खेड्यांवरची मुले एसटीने, रिक्षाने, काही तर गुरुजींच्या मोटारसायकलीवर मागे बसून आली. स्पर्धेची प्रमाणपत्रे माझ्या छापखान्यात छापली होती. ती पोहोचवायला गेलो आणि बक्षिसे वाटून होईपर्यंत तिथेच रेंगाळलो. एवढा खटाटोप पदरचे पैसे घालून करणाऱ्या शाळेचे आधी अभिनंदन. शाळांच्या बातम्या आपल्याकडे येतात त्या बहुधा गळक्या छताच्या, नाहीतर फीवरून झालेल्या भांडणाच्या.

सकाळी इंग्रजीची फेरी झाली, दुपारी मराठी शुद्धलेखनाची. हे पत्र दुपारच्या फेरीबद्दल आहे. पण सकाळचे थोडे सांगितल्याशिवाय ते कळणार नाही.

सकाळी व्यासपीठ होते, माईक होता, समोर पालक बसले होते. शब्द पुकारला जाई आणि मूल एकेक अक्षर उच्चारून स्पेलिंग सांगे. ही रीत अमेरिकेतली. तिथली राष्ट्रीय स्पर्धा १९२५ साली सुरू झाली आणि त्या वर्षीच्या विजेत्याने जिंकून देणारा शब्द सांगितला तो ‘ग्लॅडिओलस’. आपल्याकडे लग्नाच्या स्टेजवर लांब दांड्याची फुले लावतात, तीच ही. इंग्रजीत हा खेळ रंगतो, कारण त्या भाषेचे उच्चार बदलत गेले आणि स्पेलिंग होते तिथेच राहिले. ‘नाइफ’मधला ‘के’ एके काळी खरोखर उच्चारला जात असे. त्यात फ्रेंच, लॅटिन, ग्रीक शब्द आपापली अक्षरे घेऊन आले. म्हणून स्पर्धकाला शब्द पुन्हा म्हणायला लावण्याची, अर्थ आणि वाक्यातला उपयोग विचारण्याची आणि तो शब्द मुळात कोणत्या भाषेतला हेही विचारण्याची मुभा असते. आमच्याकडे सकाळी ती मुभा होती. आश्रमशाळेतल्या एका मुलाने शब्द परत परत म्हणायला लावला, अर्थ विचारला, वाक्य मागितले, आणि मग शांतपणे बरोबर स्पेलिंग सांगितले. टाळ्या सगळ्यात जास्त त्यालाच पडल्या.

दुपारी मुले वर्गात बाकांवर बसली. एक शिक्षक यादीतले सुटे शब्द एकामागून एक वाचत गेले. अर्थ नाही, वाक्य नाही. कुणी हात वर केला की ‘ऐकलं तसं लिहा’ एवढेच उत्तर.

घोळ झाला तो इथे. ऐकले तसे लिहून भागले असते तर मराठीला शुद्धलेखनाच्या नियमांची गरजच पडली नसती. वेलांटी पहिली की दुसरी, हे आपल्या रोजच्या बोलण्यात धड ऐकू येत नाही. पुण्याच्या माणसालाही येत नाही, उगाच मान खाली घालायचे कारण नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच, म्हणून तर दर जानेवारीत चौकात ‘प्रजासत्ताक दीन’चे फ्लेक्स लागतात. नुसता तो शब्द वाचला तर मुलाने कोणता दिन लिहावा? ‘आज प्रजासत्ताक दिन आहे’ असे वाक्य वाचले असते तर निदान विचार करायला जागा राहिली असती.

त्यात आपल्या खान्देशाची भर. अहिराणीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘य’. वाचणारे गुरुजी इथलेच. त्यांनी ‘पाणी’ म्हटले ते मागच्या बाकांवर ‘पानी’ असे पोहोचले. ज्यांनी ‘पानी’ लिहिले त्यांचा कान चोख होता, गुण मात्र गेला. गुरुजींना दोष द्यावा असेही नाही. माझ्या दुकानात लग्नपत्रिका द्यायला आलेला माणूस म्हणतो, ‘भाऊ, हयदना टाइम बी टाकजो,’ आणि मी पत्रिकेवर ‘हळद’ छापतो. दोघांनाही त्यात वावगे वाटत नाही. बोलायचे एक आणि छापायचे एक, अशी सोय आपण कधीचीच करून घेतली आहे. फक्त ती सोय मुलाला कुणीतरी नीट दाखवून द्यावी लागते. यावल-रावेरकडे लेवा बोली, सातपुड्यात पावरी आणि भिली. त्या घरांतल्या कित्येक मुलांची प्रमाण मराठीशी पहिली गाठ शाळेतच पडते. त्यांना सुटे शब्द ऐकवून तपासायचे म्हणजे कुणाच्या घरी कोणती भाषा बोलतात, एवढेच तपासणे झाले.

आपल्या जळगावच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या दुसऱ्यांनी उतरवून घेतल्या आणि १९५२ साली त्या छापून आल्या, तेव्हा त्यांच्या तोंडचा ‘य’ तसाच राहू दिला. कुणी तिथे ‘ळ’ बसवून त्या शुद्ध केल्या नाहीत हे मोठे उपकार. मात्र एवढ्यावरून शुद्धलेखनच नको म्हणणाऱ्यांत मी नाही. छापखानावाल्याला ते परवडणारही नाही.

मुळात हे नियम डोंगराएवढे नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, १९७२ साली आणखी ४ आले, झाले १८. त्यांतले निम्मे झगडे एका प्रश्नाशी येऊन थांबतात: शब्द तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, आहे की नाही? ‘किडा’ची वेलांटी पहिली, कारण मराठीत शेवटचे अक्षर दीर्घ असले की त्याच्या आधीचे, म्हणजे उपान्त्य, अक्षर ऱ्हस्व असते. ‘क्रीडा’ची दुसरी, कारण तो तत्सम. ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होते, पण तत्सम ‘शरीर’चे ‘शरीराला’च राहते. ‘कवी’ एकटा असला की दीर्घ, ‘कविसंमेलनात’ गेला की ऱ्हस्व. ‘शक्ती’ दीर्घ, ‘शक्तिमान’ ऱ्हस्व. म्हणजे इंग्रजीतल्या मुलाने ‘हा शब्द कोणत्या भाषेतला?’ असे विचारावे, तसे मराठीतल्या मुलाला ‘सर, हा तत्सम आहे का?’ असे विचारता आले पाहिजे. काही शिक्षक म्हणतील, मग उत्तरच फुटले. फुटत नाही. हा प्रश्न विचारायचे ज्याला सुचले त्याने नियम आधीच आत्मसात केलेला असतो, आणि ज्याला सुचले नाही त्याला नुसते ‘हो, तत्सम आहे’ असे सांगूनही उपयोग नाही.

आमच्या धंद्यात हे वेगळ्या वाटेने शिकायला मिळे. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे दिवस होते तेव्हा खिळ्यांच्या पेटीत पहिल्या वेलांटीचा कप्पा वेगळा, दुसरीचा वेगळा. खिळा उचलताना हात थांबायचाच, आणि थांबला की डोके चालायचे. खिळे जुळवणारे सातवी शिकलेले कंपोझिटर पदवीधर ग्राहकांच्या मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारून देत. आता मजकूर फोनवर येतो. ‘आशीर्वाद’ हटकून ‘आशिर्वाद’ असतो, ‘उज्ज्वल’मधला एक ज आणि ‘महत्त्व’मधला एक त गळालेला असतो, आणि दुरुस्त करून दिले तर वरपिता म्हणतो की मोबाईल असेच दाखवतो. अशा वेळी मी त्यांचेच खरे करतो, पत्रिका त्यांची आहे. पण स्पर्धेत पहिल्या आलेल्या मुलीने घरच्या पत्रिकेतली चूक बापाला दाखवून द्यावी, एवढे बळ तिला त्या स्पर्धेतून मिळायला हवे. सुटे शब्द वाचून ते येणार नाही.

तपासणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. एका मुलाने ‘नांव’ असे अनुस्वारासह लिहिले होते. आजोबांकडून शिकला असावा. न उच्चारले जाणारे असे अनुस्वार १९६२च्या नियमांनी गेले, त्याआधी ते बरोबरच होते. गुण कापावा, त्याला हरकत नाही. पण त्यावर लाल शाईने ‘गावठी’ असा शेरा मारलेला मी पाहिला, तो मारणाऱ्याला हा इतिहास ठाऊक नसावा.

बक्षिसांबद्दल लांबण लावत नाही. इंग्रजीच्या विजेत्याला करंडक आणि मराठीच्या विजेत्याला पेनांचा सेट, हे मुलांनी पाहिले.

दर वर्षी १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो आणि शाळांना काहीतरी करावेच लागते. २०२४च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन झाले, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्यामुळे भाषणांना विषय कमी पडत नाहीत. त्यातला एक दिवस भाषणाऐवजी अशा स्पर्धेला द्यावा. शब्दांची यादी आणि १८ नियम महिनाभर आधी सगळ्या शाळांना सारखे मिळावेत, म्हणजे शिकवणी लावणारा आणि शेतात हातभार लावून येणारा एका रेषेवरून सुटतील. शब्द वाक्यासह वाचावा, वाटल्यास दोघांनी वाचावा. लिहून झाल्यावर पहिल्या काही मुलांना व्यासपीठावर बोलवावे आणि ‘ही वेलांटी पहिली का?’ असे विचारावे. ते ऐकायला पालक बसतील याची मला खात्री आहे. आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत.

यादी आणि नियमांची छोटी पुस्तिका तालुक्यातली कोणतीही शाळा काढणार असेल तर छपाई मी विनामूल्य करून देईन, कागद तेवढा शाळेने द्यावा. प्रूफ मात्र दोघा शिक्षकांनी वेगवेगळे वाचून सही करून पाठवावे.

आपला,
एक छापखानाचालक,
पारोळा, जि. जळगाव