टोकन देण्याआधी

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

रविवारी जेवताना मी जास्त बोललो आणि तू अर्ध्या पानावरून उठलास. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. घर कुठे घ्यायचं हा तुझा आणि रेश्माचा प्रश्न. म्हापशातले फ्लॅटचे भाव मलाही दिसतात, आणि मोपा विमानतळ झाल्यापासून पेडण्यात जमिनीचं नाव काढायची सोय नाही. हद्दीपलीकडे महाराष्ट्रात, दोडामार्गला, त्याच पैशांत अंगणासकट घर मिळत असेल तर जरूर बघा. एवढंच लिहून थांबणार होतो.

पण तो एजंट. "एक-चौदा क्लिअर आहे, उद्या दाखवतो," असं तो फोनवर म्हणाला. स्पीकर चालू होता म्हणून मी ऐकलं. अरे, जमिनीचा एक-चौदा उतारा गोव्यात. दोडामार्गात सातबारा! जो माणूस तिकडचं घर विकतो त्याच्या तोंडी तिकडचा उतारा नको?

डिचोलीच्या मामलेदार कचेरीत माझा जन्म गेला. टोकन देऊन बसलेली माणसं मग माझ्या टेबलाशी येऊन रडायची. आपल्याकडे कूळ किंवा मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, कोणी आहे का ते आधी बघतात, मग विकणाऱ्याच्या बायकोची सही, कारण पोर्तुगीज नागरी कायद्याने सहसा तिचाही अर्धा वाटा असतो. तिकडे बघायचं ते निराळं. सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात बोजा कोणाचा, जमीन एनए, म्हणजे बिनशेती, आहे का. शेतजमीन असली तर शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेताच येत नाही. तुझा एजंट यातलं किती जाणतो? रेरा म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर आणि एजंटांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण, तिथली एजंटची नोंदणीसुद्धा राज्याराज्याची वेगळी. गोव्यातली नोंदणी महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या रेराच्या, प्रकल्पाला चालत नाही. आणि जुनं सुटं घर असेल तर रेराचा संबंधच येत नाही, मग त्या तालुक्यात त्याने आधी कोणाला घर मिळवून दिलं ते विचारायचं आणि त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचं. दोन टक्के तुझ्याकडून घेतोय, विकणाऱ्याकडूनही घेतोय का तेही तोंडावर विचार. घेत असेल तर घेऊ दे, लपवता कामा नये. कागद वाचायला वकील सावंतवाडीचा बघ. एजंटने सुचवलेला नको.

झालं, पुन्हा कचेरी उघडली मी. रागावू नकोस.

खरं सांगायचं तर हद्द म्हटली की मला तुझी आजी आठवते. तिचं माहेर आरोंदा, आपलं घर अलीकडे किरणपाणीला. मध्ये तेरेखोलची नदी, होडीने पार व्हायची. १९५५ साली गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यावर हद्द बंद झाली आणि माझ्या धाकट्या मामाच्या लग्नाला तिला जाता आलं नाही. समोर गाव दिसतंय आणि जाता येत नाही. ती गोष्ट ती मरेपर्यंत सांगायची, प्रत्येक वेळी थोडी वेगळी. आता पूल आहे. दोडामार्गहून तू तासाभरात येशील, मला कळतं ते. तरी छोटीच्या दाखल्याचा विचार केलात का? इथे सरकारी नोकरीला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. ती चार वर्षांची आहे, तुला हसू येईल. रेश्माला मात्र विचार, ती हसणार नाही.

मी घराची कौलं बदलली तीसुद्धा चाळिशी उलटल्यावर, कर्ज काढून. तू तिशीत घर घेतोयस. हे मी देवळात, सोसायटीत, सुलूच्या सासरी, सगळीकडे सांगून बसलोय. तिच्या सासऱ्यांनी लगेच विचारलं, एजंट कोण? मी विषय बदलला.

शनिवारी घर बघायला जाणार असाल तर मला डिचोलीच्या स्टँडवर घ्या. मी मागच्या सीटवर बसेन. त्याच्याशी एक शब्द बोलणार नाही, फक्त सातबारा हातात दे.

आईने सोलं आणि तिरफळं बांधून ठेवली आहेत.

तुझे,
बाबा

ता. क. त्याचं पूर्ण नाव आणि महारेराचा क्रमांक असेल तर तो मेसेज कर. क्रमांक 'ए'ने सुरू व्हायला हवा. 'पी'ने सुरू होणारा दिला तर तो प्रकल्पाचा, त्याचा नव्हे.