मत एक, वजन वेगळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रशियात, म्हणजे जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्यात, १८४९ ते १९१८ या काळात त्रिवर्गीय मतदान होते. मतदारांची नावे भरलेल्या कराच्या क्रमाने लावायची, एकूण कराचे तीन सारखे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागातल्या मतदारांना सारखेच प्रतिनिधित्व द्यायचे. वरच्या वर्गात मूठभर धनिक, तळाच्या वर्गात बाकीची सगळी जनता. एसेन शहराच्या नगरपालिका निवडणुकीत तर काही वेळा पहिल्या वर्गात पोलाद कारखानदार क्रुप हे एकटेच मतदार होते. एक तृतीयांश नगरसेवक एका माणसाच्या मर्जीने!

ती विषमता निदान कायद्यात उघड लिहिलेली होती, तिच्यावर बोट ठेवता येत होते. आज प्रत्येकाला एकच मत आहे. त्यासाठी लोकांनी तुरुंगवास सोसला, म्हणून त्या मताला मी कमी लेखणार नाही. पण पैसा आता मतदानाच्या कितीतरी आधी आपले काम करून जातो. उमेदवारी कोणाला मिळणार, प्रचारात कोणता प्रश्न गाजणार, कोणता दाबला जाणार, हे तेव्हाच ठरते. मतपत्रिका आपल्यासमोर येते ती गाळूनच.

ब्रिटनमध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या चार्टिस्ट चळवळीतल्या कामगारांनी हे फार लवकर ओळखले होते. १८३८च्या सनदेत त्यांनी मताधिकाराबरोबरच खासदारांना वेतनही मागितले, कारण रोजंदारी सोडून संसदेत बसणे गरिबाला परवडणारे नव्हते. ते वेतन मिळायला १९११ साल उजाडले.

अमेरिकेत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१०च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने कंपन्यांना निवडणूक प्रचारावर स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करण्याची वाट मोकळी केली. आपल्याकडे उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला नाही! मग त्या मर्यादेला अर्थ काय उरतो? नाव गुप्त ठेवून पक्षांना देणगी देण्याची सोय करणारे निवडणूक रोखे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले, ते मतदाराच्या माहितीच्या हक्कासाठी. त्यानंतरच देणगीदारांची नावे बाहेर आली. तोपर्यंत कोणी कोणाला किती दिले, हे ज्याच्या नावाने राज्य चालते त्या मतदारालाच माहीत नव्हते.

पक्षांच्या खर्चावर मर्यादा हवीच. पण त्याहून निकडीची मागणी हिशेबाची आहे. उमेदवार आपला खर्च निकालानंतर ३० दिवसांत सादर करतो. मोठ्या देणग्या आणि खर्च यांची माहिती मतदानाच्या आधी लोकांपुढे यावी, कारण निकालानंतर तिचा मतदाराला काही उपयोग नाही.

आपला,
एक नियमित वाचक