कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या दादांना, वर्गणीच्या वहीबद्दल

दादा, नमस्कार. फोनवर "आभारबिभार काय नको" म्हणून तुम्ही ठेवून दिलात, म्हणून हे इथं लिहितोय, इथं तुम्हाला मला मधेच तोडता येत नाही.

आबा २००६ ला गेले. मृत्युपत्रात त्यांनी परळचा वन रूम किचन आत्तीला दिला होता आणि एक्झिक्युटर, म्हणजे ते अमलात आणणारा, म्हणून माझं नाव घातलं होतं. १९८२ च्या गिरणी संपात आबांचा पगार थांबला तेव्हा आत्तीनं पाटल्या मोडून हप्ते भरले होते, त्यामुळं आम्हा भावंडांत कुणालाच ते खटकलं नाही. आणि तिथंच घोळ झाला. वाद नाही, आत्ती राहतेच आहे, मग कागद कशाला? असं म्हणत सतरा वर्षं गेली. मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला निघाली आणि सोसायटी म्हणाली प्रोबेट आणा, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला. इथलं घर असतं तर कदाचित विचारलंही नसतं, पण मुंबईतल्या जागेला तेव्हा ते सक्तीचंच होतं. तिथल्या एका वकिलानं पाच मिनिटात निकाल लावला, तीन वर्षं उलटली, आता हा कागद चुलीत घाला.

कसबा बावड्याच्या कोर्टात आपल्या वकील मॅडम भेटल्या म्हणून वाचलो. त्यांनी सांगितलं तीन वर्षांची मुदत आहे खरी, पण ती मृत्यूच्या तारखेपासूनच मोजायची असं नाही, मुंबई हायकोर्टानं १९८३ लाच हे सांगून ठेवलंय, फक्त एवढा उशीर म्हटला की संशय येतो, तो का झाला हे पटेल असं लिहावं लागतं. आणि आबा शेवटपर्यंत इथंच राहायला होते म्हणून अर्ज कोल्हापुरातच करता येतो, इथल्या जिल्हा न्यायाधीशांचं प्रोबेट अख्ख्या महाराष्ट्रात चालतं. मुंबईच्या खेपा वाचल्या की ओ!

पण साक्षीदार? दोघंही वारलेले. एक डॉक्टर, त्यांच्या घरचं कोण सापडेना, आणि दुसरे तुमचे वडील. मॅडम म्हणाल्या दोघंही नसले तर एकाचं तरी हस्ताक्षर आणि आबांची सही शाबीत करायची, तशी सोय कायद्यातच आहे. आबांची सही मी ओळखणारच होतो, पण तुमच्या वडिलांची? तुमची माझी तर नीट ओळखसुद्धा नव्हती. संध्याकाळी दारात येऊन उभा राहिलो, तुम्ही मृत्युपत्राची झेरॉक्स हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणालात, "'ळ'चा शेपटा बघा की, दुसरं कोण असं काढतंय?" मग स्टुलावर चढून माळ्यावरनं तालमीची वर्गणीची वही काढलीत. २०१९ च्या पुरात भिजलेली, पानं पापडासारखी कडक, शिक्क्याची जांभळी शाई पसरून नुसता डाग राहिलेला. पण बॉलपेनच्या सह्या जशाच्या तशा, खजिनदार म्हणून पानापानावर, आणि प्रत्येक 'ळ'ला तोच शेपटा. त्यावेळी मला रडू आलं होतं, तुम्ही बघितलं नाही असं दाखवलंत, त्याचेही आभार.

पुढचं सगळं रीतसर झालं, वारसांना नोटिसा, पेपरात जाहीर नोटीस, कुणाची हरकत नाही. तुम्ही मात्र तीनदा कामधंदा सोडून आलात. पहिल्या दोन वेळा तारीख पडली तरी कपाळाला आठी नाही, उलट मलाच कँटीनला चहा पाजलात. साक्षीला उभं राहिल्यावर विचारलं, ही सही वडिलांचीच कशावरून, तर तुम्ही म्हणालात, शाळेच्या प्रगतीपुस्तकावर हीच सही बघून मार खाल्लाय साहेब. साहेबसुद्धा हसले. उशिराचं कारण मीही सरळ लिहिलं होतं, वाद नव्हता म्हणून आळस केला, ते मान्य झालं.

गंमत म्हणजे आमच्या हातात प्रोबेट पडल्यावर काही महिन्यांत, डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं ती सक्तीच काढून टाकली. आत्ती म्हणती थोडं थांबला असतास तर. आता तिला काय बोलणार, सतरा वर्षं थांबलोच होतो की!

असो. वही कोर्टातनं परत मिळाली की मी स्वतः आणून देतो. त्यात एका पानावर आबांच्या नावापुढं ५१ लिहिलेत आणि जमा फक्त २१. उरलेले तीस घेऊन येतोय, पावती मात्र लागेल.