गैरहजेरी नको, माणूस धाडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की आपल्या जिल्ह्याच्या पानावर वनराई बंधाऱ्यांचे, म्हणजे मातीच्या गोण्या रचून पाणी अडवण्याच्या कामाचे, फोटो यायला लागतात. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी पंचवीस-तीस माणसं, पुढे फावडं धरलेले साहेब, मागे पांढऱ्या गोण्यांची भिंत आणि खाली ‘श्रमदानातून बंधारा’. फोटो खोटे नसतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या वाडीचाही छापून आला होता, त्यात डावीकडून चौथा मी. एकूण सव्वीस डोकी होती. त्यातली पंधरा जेवणाआधीच गाडीत बसून पुढच्या बंधाऱ्याच्या फोटोला गेली. वरून आकडा आलेला असतो, त्यांचाही नाइलाज असेल. पण हे पत्र त्यांच्याबद्दल नाही. तक्रार आहे ती माझ्याबद्दल आणि माझ्यासारख्यांबद्दल.

मी बेस्टमध्ये चौतीस वर्षं कंडक्टर होतो. परळला गावकऱ्यांच्या खोलीत राहिलो, आणि त्यातली एकोणीस वर्षं आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाचा खजिनदार होतो. वाडीचा नियम जुना आहे: गावकाम निघालं की घरटी एक माणूस. पाखाडी (वाडीतली दगडी पायवाट) झाडायची, विहिरीचा गाळ काढायचा, पऱ्याला बांध घालायचा, शिमग्याआधी सहाणेभोवतीचं, म्हणजे पालखी बसते त्या जागेभोवतीचं, गवत कापायचं. ज्या घरातून माणूस आला नाही, त्या घराला गैरहजेरी, म्हणजे दंड. माझ्या हाती वही आली तेव्हा गैरहजेरी २० रुपये होती, आज ५०० आहे. माझ्या घराची मी एकदाही थकवली नाही. एका वर्षी तर वर्गणीपेक्षा गैरहजेरीची रक्कम जास्त जमली. परळच्या सभेत मी आकडा वाचून दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या, आणि मीही वाजवल्या. त्या आकड्याचा अर्थ काय, हे त्या खोलीत बसलेल्या साठ माणसांपैकी एकालाही सुचलं नाही. मला तर नाहीच नाही.

त्या पैशांतून देवळाला सभामंडप झाला, लाद्या बसल्या, कर्णे आले. चांगलंच झालं, मी नाही म्हणत नाही.

निवृत्त होऊन संगमेश्वर तालुक्यातल्या घरी कायमचा राहायला आलो, त्या पहिल्या कार्तिकात बांध घालायला गेलो. आमच्या वाडीत एक्केचाळीस घरं. त्यातली सतरा बंद, ती गणपतीला उघडतात. कामाला आलो अकरा जण, त्यात सात बाया. सर्वांत तरुण माणूस सेहेचाळीस वर्षांचा. मी खजिनदाराच्या तोऱ्यात सांगितलं की, यंदा मंडळानं गैरहजेरीचे इतके इतके हजार पाठवलेत. शेजारची काकी गोणी शिवत होती. सत्तरी पार केलेली बाई, तिनं मान वर केली नाही. म्हणाली, “पैशे गोणी उचलत नाय रे बाबू.”

ज्यांनी हे काम फक्त फोटोत पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गोण्यांची ही युक्ती मोहन धारियांच्या ‘वनराई’ संस्थेनं गावोगावी पोचवली, म्हणून हे नाव. त्याआधी आमच्याकडे दगड, माती नि झाडाचे टहाळे घालून बांध करत. आमच्या पऱ्याला अडीचशेच्या आसपास गोण्या लागतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या कुठून येतात? तर मुंबईकरांच्या नव्या स्लॅबच्या घरांवरून. एवढे बंगले उठले, त्यांनी वाडीला माणूस एकही दिला नाही, गोण्या मात्र दिल्या! गोणी गच्च भरायची नाही, पाऊण भरायची, म्हणजे बसवल्यावर ती पसरते आणि शेजारणीला चिकटते. तोंड दाभणानं सुतळी ओवून शिवायचं. विटांसारखा सांधा मोडत थर द्यायचा, दोन थरांमध्ये चिकणमाती, मधोमध जादा पाणी जायला सांडव्याची जागा. दहा-बारा माणसांनी दोन दिवस मान मोडली तर होतो.

आणि खरं काम मग सुरू होतं. बंधारा घातला की खेकडे भोकं पाडतात. म्हशी पलीकडे जायला त्याच्यावरूनच जातात. पहिल्या आठवड्यात खालच्या अंगाला बोटाएवढी धार दिसते, तिसऱ्या दिवशी ती मनगटाएवढी होते, आणि दुर्लक्ष केलं तर आठवड्यात मधल्या दोन गोण्या खचून सगळं पाणी पळतं. म्हणून एकाआड एक दिवस पेंढा आणि माती घेऊन कोणीतरी जायचं, पाण्यात हात घालून चाचपायचं, भोक सापडलं की बोळा कोंबायचा. डिसेंबरात सकाळी सातला ते पाणी हाताला कसं लागतं ते सभामंडपात बसून कळणार नाही. फोटोचा बंधारा आणि पाण्याचा बंधारा यात फरक आहे तो या बोळ्याचा. ज्या वर्षी आम्ही ही पाळी नीट सांभाळली, त्या वर्षी खालच्या विहिरीला अक्षय्य तृतीयेपर्यंत पाणी पुरलं. फोटोच्या वर्षी होळीला तळ दिसला.

घाटावरच्या लोकांना हसू येतं. तुमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नि एप्रिलमध्ये टँकर कसले मागता? पण आमचा जांभा दगड म्हणजे चाळण. वर पडलं ते खाली गेलं, उरलं ते समुद्राला. जलजीवन योजनेचा नळ आमच्या दारात आला, माणशी ५५ लिटरचा हिशेबही सांगून झाला. टाकीही उभी आहे. पण टाकीत चढवायचं पाणी त्याच विहिरीतलं, आणि विहीर त्याच पऱ्यावर.

आता मुद्द्याचं. आपले चाकरमानी गावाला येतात कधी? गणपतीला नि शिमग्याला. गणपतीला पऱ्या असा फुगलेला असतो की गोणी काय, धोंडा टिकणार नाही. शिमग्याला अडवायला पाणी उरलेलं नसतं. बंधाऱ्याची वेळ मधली, भात झोडून झालं की, पाणी उतरलेलं पण वाहतं आहे तोवर. म्हणजे देवदिवाळीच्या आसपास. नेमकं तेव्हा कोणी येत नाही, कारण तेव्हा सण मोठा नाही आणि सुट्टी नाही. घाटावर पाणी फाउंडेशनचा वॉटर कप झाला, गावागावांची पाणी अडवायची स्पर्धा, २०१६ ते २०१९. ते चर खणायचं काम, कोरड्या दिवसातलं, त्यामुळे शहरातल्या लोकांना मे महिन्यात जाता आलं. १ मे २०१८ ला तर गाड्या भरभरून लोक गेले. आमचं काम कॅलेंडरात अडचणीच्या जागी पडलंय, एवढाच काय तो फरक. माणसं वाईट नाहीत.

पण रविवार तर नोव्हेंबरातही असतो! आमच्याकडे जानेवारीत क्रिकेटचे सामने होतात. तेव्हा हीच पोरं शनिवारच्या रात्री दादरहून तुतारी एक्सप्रेसमध्ये चढतात, सकाळी संगमेश्वरला उतरतात, दिवसभर खेळतात आणि सोमवारी कामावर हजर. मी स्वतः त्यांना स्टेशनवरून आणायला रिक्षा ठरवून दिली आहे. म्हणजे येता येत नाही हे कारण नव्हे. कोणी बोलावलं नाही, आणि पाचशे दिले की सुटका होते, हे कारण.

मंडळातले जाणते म्हणतील, पैसे आहेत ना, मग मजूर लावा. एक वर्ष लावले. आंब्याच्या बागेतले मजूर दोन दिवस आणले, बंधारा आमच्यापेक्षा देखणा घातला, मजुरी घेऊन गेले. त्यात त्यांची काही चूक नाही. खेकड्यानं भोक पाडलं तेव्हा ते दुसऱ्या तालुक्यात होते. त्या विहिरीचं पाणी जो पितो तोच भल्या पहाटे धार बघायला जातो. आणि पाणी पिणाऱ्यांतले कामाला येणारे आम्ही अकरा होतो, गेल्या पावसाळ्यात एक आजी गेल्या, म्हणून आता दहा.

तेव्हा माझी मुंबईतल्या सगळ्या वाडी मंडळांना विनंती आहे, फक्त आमच्या नव्हे. गैरहजेरीची रक्कम वाढवू नका, एका वर्षापुरती बंदच करा. वहीत पैशांच्या रकान्याऐवजी नावाचा रकाना घाला: कोण आलं, किती वाजता आलं, किती गोण्या भरल्या. जेवणाची काळजी नको, बाया पिठलं-भात करतात. मात्र त्या चुलीपाशीच्या दोघींचं नाव आजवर आमच्या हजेरीत कधी लागलं नाही. ही चूक मी स्वतः एकोणीस वर्षं केली. यंदा त्यांचं नाव पहिलं लिहिलं आहे.

आमच्या वाडीपुरतं सांगायचं तर देवदिवाळीनंतरचा पहिला रविवार ठरला आहे. दोनशे साठ गोण्या पडवीत झाडून ठेवल्या आहेत, चिकणमाती काढायची जागा बघितली आहे. दोघा पोरांनी फोनवर येतो म्हटलंय, तिसरा बघतो म्हणाला. येणाऱ्यांनी येताना दाभणं आणावीत, निदान चार. इथल्या बाजारात आता मिळत नाहीत आणि आमच्याकडच्या दोनांपैकी एकाचं टोक मोडलंय.

आपला,
एक जुना वाचक, निवृत्त बेस्ट कंडक्टर
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी