पुष्करचा मेळा, बसून राहिलेले उंट आणि 2015 चा कायदा : राजस्थानच्या पशुपालन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. पशुपालन मंत्री, राजस्थान सरकार, यांस

साहेब, नमस्कार. मी नाशिकची, तुमची मतदार नाही, त्यामुळे हे पत्र तुम्ही वाचलंच पाहिजे अशी काही सक्ती नाही. मराठीत लिहितेय कारण भांडायचं म्हटलं की मला हिंदी सुचत नाही, कुणाकडून तरी वाचून घ्या.

या कार्तिकात पहिल्यांदाच पुष्करचा मेळा बघितला. अजमेरहून नाग पहाड ओलांडून खाली उतरलं की जे काही सुरू होतं त्याला तोड नाही. केशरी-लाल साफे, आरशांच्या ओढण्या, उंटांच्या गळ्यात कवड्या आणि लोकरीच्या गोंड्यांचे गोरबंद. एक उंट पाय मोडून बसलेला, निवांत जबडा आडवा फिरवत रवंथ चाललेलं, आणि एक म्हातारेबुवा कात्रीनं त्याच्या अंगावरचे केस कमीजास्त कापत मोर काढत होते, मोराच्या पिसाऱ्यातले डोळेसुद्धा एकेक करून. मी किती वेळ बघत उभी होते कोण जाणे, घरचे शोधत आले तेव्हा भानावर आले.

पण हे सगळे झाले सजवलेले, फोटोचे आणि सफारीचे उंट. विकायला आणलेले उंट पलीकडे रेतीत बसलेले होते आणि तिथे गिऱ्हाईक दिसेना, आमच्यासारखे मोबाईलवालेच जास्त. एका राईका (पिढ्यानपिढ्या उंट पाळणारा समाज) काकांना टोरड्याचा, म्हणजे उंटाच्या पोराचा, भाव विचारला तर वाटलं ऐकण्यात काहीतरी गडबड झाली, कारण तेवढ्या पैशात आमच्याकडे ईदच्या आधी एक धड बोकड मिळत नाही! आणि घोड्यांच्या बाजूला जा, लाखांची बोलणी चाललेली. हल्ली मेळ्यात उंटांपेक्षा घोडेच जास्त येतात हे तुमच्या खात्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार, पण उंटांचा मेळा म्हणून जाहिरात करायची सवय काही जात नाही.

काकांना विचारलं असं का, तर म्हणाले कायदा. 2014 ला तुमच्या सरकारनं उंटाला राज्यपशू केलं, 2015 ला कायदा आणला, कत्तल बंद आणि परवानगीशिवाय राज्याबाहेर नेणंही बंद. हेतू चांगला होता, नाही म्हणत नाही. पण ट्रॅक्टर आणि पिकअप आल्यावर शेतीला, ओझ्याला उंट कुणाला हवाय, आणि जो थोडाफार बाहेरच्या राज्यातला गिऱ्हाईक यायचा तो कागदाच्या आणि पोलिसांच्या भीतीनं फिरकेनासा झाला, मग नर टोरडा विकायचा कुणाला आणि पाळायचा कशासाठी? 2012 च्या पशुगणनेत राजस्थानात सव्वातीन लाखांच्या वर उंट होते, 2019 ला दोन लाख तेरा हजारच्या आसपास उरले. उतरण आधीपासूनच होती, सगळं खापर कायद्यावर फोडत नाही, पण कायद्यानं ती थांबली नाही हे तर दिसतंय ना. त्यात सांडणीला तेरा महिने गाभणपण आणि दोन वर्षांनी एखादं पिल्लू, म्हणजे एकदा कळप मोडला की परत उभा करायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं.

आणि चोरून नेणारे थांबले असंही नाही. मे 2023 मध्ये आमच्या नाशकात शंभरावर उंट येऊन पोचले होते, उन्हात चालून पार खंगलेले, काही इथेच मेले आणि उरलेल्यांना परत न्यायला तुमच्याकडून राईका आले. म्हणजे बंदीचा काच सरळ माणसाला, भामटा रात्रीतून सीमा पार करतोच.

मागणी फार मोठी नाही. मेळ्याच्या मैदानातच परवानगीचं टेबल लावा, खरेदीदार कोण, कुठला, कशासाठी नेतोय याची नोंद करा, जनावराच्या कानाला टॅग मारा आणि त्याच दिवशी कागद हातात द्या, पुढे जाऊन तपासायचं तर खुशाल तपासा. मेळा ठरलेल्या तिथीलाच भरतो, त्यामुळे तयारीला वेळ नव्हता असं कुणी म्हणू शकत नाही. दुसरं दूध. शेजारी कच्छमध्ये सांडणीचं दूध गोळा होतं आणि 2019 पासून अमूल ते बाटलीत भरून विकतंय, तुमच्याकडे तर बिकानेरला उंटांची राष्ट्रीय संशोधन संस्था 1984 पासून आहे, जनावरंही कच्छपेक्षा जास्त, मग अडतंय कुठे? गावोगाव संकलन आणि थंड करायची सोय झाली तर राईकाच्या पोराला सुरतेला, मुंबईला कामाला पळावं लागणार नाही. आणि चराई. कुंभलगडच्या जंगलात पिढ्यानपिढ्या चारणाऱ्यांना अडवायचं, ओरणांच्या, म्हणजे देवराईसारख्या राखीव चराऊ रानांच्या, जमिनी दुसऱ्या कामाला द्यायच्या, आणि वर राज्यपशू म्हणायचं, हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं, साहेब, राग मानू नका.

उत्तर नाही दिलंत तरी चालेल. पुढच्या मेळ्याची बैठक लागेल तेव्हा स्टेज आणि लाईटच्या आधी ते परवानगीचं टेबल विषयपत्रिकेवर घ्या, आणि त्या बैठकीला दोनचार राईकांनाही बोलवा.

आपली,
नाशिकची एक पर्यटक