खाडीकाठच्या केंद्राविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

विजयदुर्गच्या खाडीकाठी गाबीत, दालदी मुसलमान, भंडारी अशा सगळ्या दर्यावर्दी समाजांना आपलं वाटेल असं दर्याविद्येचं केंद्र काढायचं तुझ्या मनात आहे, हे वाचून फार आनंद झाला. आराखड्यात मात्र काचेची कपाटं पुढे आणि कामाची शेड मागे आहे. ते उलट कर. मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी त्याच वाघोटन खाडीवर आहे, जुनं पाहायला मुलांना तिकडे ने. केंद्रात हात चालले पाहिजेत.

इमारतीआधी वेळापत्रक ठरव. दारावर स्वागताची पाटी लावून कुणी येत नाही, वेळ जमली तर येतं. मासळी विकणाऱ्या बाया लिलाव आणि बाजार उरकून दुपारीच मोकळ्या होतात. जाळ्याचा वर्ग ३ ते ५ ठेव. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी काही ठेवू नकोस. होड्यांवरचे नेपाळी खलाशी १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत गावी जातात, म्हणून लाइफजॅकेट आणि प्रथमोपचार जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, ते परतल्यावर आणि होड्या सुटण्याआधी शिकवा. सूचना हिंदी-नेपाळीतही लिहा.

बंदीचे दोन महिने जाळी आणि इंजिनांसाठी उत्तम. फायबरच्या होड्यांचं काम मात्र तेव्हा काढू नकोस. पावसाळी हवेत काचतंतूंची चटई ओल धरते, रेझिन (चिकट राळ) तिच्यात मुरत नाही, पांढुरके डाग पडतात आणि पुढे थर सुटतात. ते दिवाळीनंतर करा. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रावण) पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन), रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर स्फोट होतो. दोन्हींची कपाटं वेगळी, मापंही वेगळी. यात हयगय चालणार नाही. दुपारचा वारा दर्याकडून येतो, तेव्हा ही शेड जमिनीच्या अंगाला, स्वयंपाकघर आणि मुलांच्या खोलीपासून दूर घे.

लाकडी होडी वर ओढायची ती अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, ऐन भरतीला. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या, भरतीचं पाणी तेवढं वर चढत नाही. फळ्यांच्या फटीत कापूस ठासताना नवखा माणूस फार जोर लावतो. पाण्यात लाकूड फुगलं की तो कापूस फळ्या रेटतो आणि खिळे सैल होतात.

जाळ्यात चूक होते ती जाळी ज्यावर बांधतात त्या दोराच्या मापात. सरळ अडकवणीच्या जाळ्याला साधारणपणे १०० मीटर ताणलेल्या जाळीसाठी ५० मीटर दोर धरतात. नवा दोर आधी ओढून ताणून घ्या, नाहीतर वापरात तो वाढतो आणि जाळीच्या डोळ्यांचा आकार बिघडतो. एकेरी तारेच्या नायलॉनला साधी गाठ सरकते, दुहेरीच शिकवा.

चाकाच्या खुर्चीसाठी चढ १:१२ हवा, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी: ६० सेंटिमीटरचं जोतं असेल तर ७.२ मीटर लांबी. त्याचं तोंड भरतीच्या रेषेच्या वर ठेव, खाली शेवाळ धरून घसरण होते. काही टेबलं ७५ सेंटिमीटर उंचीची, खाली गुडघ्यांना मोकळीक असलेली. जाळी टांगायचे आकडे दोन उंचींवर. बायांचं शौचालय तळमजल्यावर, आतून कडी आणि पाणी असलेलं, पहिल्या दिवसापासून.

काँक्रीट ओतण्याआधी सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) परवानगी हातात असू दे. सुधारलेला आराखडा पाठव, शेडची मापं बसून तपासू.

तुझाच,
मित्र