तांबेकर वाड्याची किल्ली नेमकी असते कुणाकडे?

मा. मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार. आपण कामात असाल, म्हणून थोडक्यात लिहितो. मला सध्या वेळच वेळ आहे, पाय प्लास्टरमध्ये आहे.

गेल्या मंगळवारी पुण्याहून आलेल्या मावसभावाला आमच्या वडोदऱ्याचा तांबेकर वाडा दाखवायला निघालो. त्याला रिक्षा करू दिली नाही. म्हटलं, सुरसागरच्या काठाने चालत जाऊ. काठावर १८८६ सालची सयाजीरावांची गायनशाळा, पाण्यात उभा शंकर, पलीकडे न्यायमंदिर, मग रावपुऱ्याकडे वळायचं. तळ्याकाठीच एक पेव्हर ब्लॉक पायाखाली डुगडुगला आणि मी आडवा. घोटा नारळाएवढा सुजला. पाहुण्यासमोर लाज वाटली, म्हणून लंगडत तसाच पुढे गेलो. हाड मोडल्याचं संध्याकाळी कळलं. एक्स-रे, प्लास्टर, रिक्षा मिळून साडेसहा हजार गेले. औषधांच्या पावत्या अजून लावायच्यात.

आणि वाड्याला कुलूप! रखवालदार तंबाखू मळत म्हणाला, "आजे बंध छे, काले आवजो." पाहुण्याची गाडी त्याच रात्रीची.

भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण. त्यांच्या या वाड्यात भिंतींपासून छतापर्यंत चित्रं आहेत. कृष्णलीला, रामायण, मराठे-इंग्रजांच्या लढाया, मधूनच एखादी मडम. तीनशेच्या आसपास भरतील म्हणतात. मोजू कोण देतं? भावाने कुलपाचाच फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बडोद्याचा प्रसिद्ध वाडा'. पुणेकरच तो.

वाड्याच्या वेळा दारावर ठळक लावा, बंद असेल तर आदल्या दिवशी पाटी लावा, असा अर्ज मी वर्षापूर्वी केला होता. 'लवकरच योग्य ती कार्यवाही' असं उत्तर आलं. ते मी लॅमिनेट करून ठेवलंय, कारण तेवढीच कार्यवाही झाली.

याच बडोदा संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, तेही हेल्पलाइन नसताना! आता ॲप आहे, फीत कापायला पाहुणे आहेत, दार उघडायला माणूस नाही. विचारायला जावं तर तलाव एकाकडे, फूटपाथ दुसऱ्याकडे, वाडा तिसऱ्याकडे. घोटा तेवढा माझ्याकडे. यातली निम्मी खाती बंद केली तरी कुणाला पत्ता लागणार नाही, असा दांडिया बाजारातल्या आमच्या कट्ट्याचा हिशेब आहे.

नुकसानभरपाई मागत नाही. मिळणार नाही हे कळण्याइतकं वय झालंय. तो ब्लॉक तेवढा बसवून घ्या, गायनशाळेच्या अलीकडे आहे, माझ्या चपलेचा अंगठा अजून तिथेच पडलेला असेल. एकवीस दिवसांनी प्लास्टर निघेल. तेव्हा मी पुन्हा येणार आहे, त्याआधी किल्ली कुणाकडे असते ते लेखी कळवा.

आपला,
एक लंगडा बडोदेकर